रोराइमाचं पाणी

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला पठार म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडे त्याला सडा म्हणतात. पायाखाली जांभ्याचा कातळ, त्यावर जेमतेम बोटभर माती, आणि सप्टेंबर आला की त्या मातीत निळी-जांभळी सीतेची आसवं. मामेभाऊ दादा आणि मी कासला जातोय ते तिथं कुंपण आणि तिकीट यायच्या कितीतरी आधीपासून. म्हणूनच व्हेनेझुएलातल्या रोराइमाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं मन त्याच्या कड्यांपेक्षा एका छोट्या ओळीत अडकलं. त्या माथ्यावर युट्रिक्युलारिया उगवते, असं तिथं लिहिलं होतं. म्हणजे आपल्या सीतेच्या आसवांचंच कूळ. आणि ड्रॉसेराही, म्हणजे आपला दवबिंदू. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ढगांत बुडालेल्या एका सड्यावर आपल्या नात्यातलं कुणीतरी राहतंय असं कळावं, तसं झालं मला.

जायला मात्र पंधरा वर्षं गेली. दादा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला आणि म्हणाला, "गुडघे आहेत तोवर जाऊन येऊ." नोव्हेंबर ठरला.

रोराइमा हा टेपुई आहे. ग्रान सबाना नावाच्या गवताळ मुलखातून भिंतीसारखे सरळ उठलेले, डोक्यावर सपाट असे जे डोंगर आहेत, त्यांना तिथले पेमोन लोक टेपुई म्हणतात. उंची 2810 मीटर, माथा साधारण 31 चौरस किलोमीटर, भोवती चारशे मीटरचे उभे कडे. व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना या तिन्ही देशांच्या हद्दी माथ्यावर एका ठिकाणी भेटतात. पण दोर न लावता, चालत वर जायची वाट एकच, व्हेनेझुएलाच्या बाजूची. 18 डिसेंबर 1884 रोजी एव्हरार्ड इम थर्न आणि हॅरी पर्किन्स कड्याला चिकटलेल्या ज्या तिरप्या पट्टीवरून वर पोहोचले, त्याच पट्टीवरून आजही सगळे जातात.

तयारीतलं एकच सांगते, कारण ते चुकलं तर परत येताना महागात पडतं. पिवळ्या तापाची लस. ब्राझील-व्हेनेझुएलाहून भारतात परतताना तिचा दाखला लागतो, नसला तर विमानतळावरून घरी न जाता विलगीकरणात जावं लागतं. निघण्याआधी किमान दहा दिवस टोचून घ्यायची, आणि तीही सरकारमान्य केंद्रातच. साठीच्या पुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, आणि दादाही साठीला टेकलेला, म्हणून त्याची आधी नीट तपासणी झाली. बाकी आम्ही तीन महिने रोज पहाटे पाठीवर भरलेली सॅक घेऊन अजिंक्यतारा चढलो. दोन व्हिसांची कागदपत्रं गोळा करण्यात जे दिवस गेले त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

मुंबईहून साओ पाउलो, तिथून बोआ व्हिस्ता. हे ब्राझीलच्या ज्या राज्याच्या राजधानीचं गाव, त्या राज्याचं नावच रोराइमा. मग रस्त्यानं दोनशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला पाकाराइमा, तिथं सरहद्द, आणि पलीकडे सांता एलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं पाराइतेपुई या पेमोन गावात पोहोचलो. चालायला इथून सुरुवात होते. नाव-गाव नोंदवायचं, सामान दाखवायचं, आणि वाटाड्या बरोबर असल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही, हा नियम.

आमचा वाटाड्या चाळिशीतला, कमी बोलणारा. बरोबर तीन ब्राझिलियन तरुण आणि सामान वाहायला चार पेमोन माणसं. त्यांत एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची. तिच्या पाठीवर वेतासारख्या वेलीची विणलेली, मागून उघडी अशी उभी टोपली होती. तिला ते वायारे म्हणतात. तंबू, भांडी, गॅसची टाकी सगळं त्यात दोरीनं आवळलेलं, आणि ओझ्याचा एक पट्टा कपाळावर. माझ्या सॅकला कमरेचे पट्टे, छातीचे पट्टे, पाठीला जाळी. पहिल्या चढावर ती माझ्या पुढं निघून गेली ती संध्याकाळीच दिसली.

पहिल्या दिवशी तेरा-एक किलोमीटर चाल. नुसता उघडा माळ, मधूनच वारुळं, ओढ्याकाठी झाडांची बारीक रांग. आपल्या माणदेशासारखं ऊन. आणि पुरी-पुरी. चिलटाएवढी माशी, चावताना कळत नाही, तासाभरानं लाल ठिपका उठतो आणि पुढं आठवडाभर खाजतो. लांब बाह्या, लांब विजार, पायमोजे वर ओढलेले, याला पर्याय नाही. नदीकाठी त्यांचा जोर सगळ्यात जास्त, आणि मुक्काम नेमका नदीकाठीच.

नदीबद्दल वाटाड्यानं पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली. वाटेत दोन नद्या येतात, आधी तेक, मग अर्ध्या तासावर कुकेनान. थकून काठावर आलात तरी बसायचं नाही. आधी पलीकडे जायचं, मग चहा. रात्रीत वर पाऊस झाला तर सकाळी उतार मिळेलच असं नाही. आम्ही त्या संध्याकाळी दोन्ही नद्या ओलांडल्या. पाणी गुडघ्यापर्यंत. बूट गळ्यात अडकवायचे आणि पायमोज्यांवर पाण्यात उतरायचं, कारण अनवाणी पाय शेवाळलेल्या गोट्यांवरून सटकतो आणि लोकरीचा पायमोजा धरून ठेवतो. चाळीस वर्षं डोंगर फिरतोय, पण ही युक्ती मला तिथंच कळली.

दुसऱ्या दिवशी चढ चढत पायथ्याच्या तळावर. समोर दोन डोंगर, उजवीकडे रोराइमा, डावीकडे कुकेनान. कुकेनानवरून सहाशे मीटरहून उंच धबधबा कोसळतो, पण एवढ्या लांबून तो हलतोय असं वाटतच नाही. पांढरा धागा टांगल्यासारखा दिसतो. त्या डोंगराला पेमोन मातावी म्हणतात, मेलेल्यांची जागा. तिकडं बोट दाखवून मोठ्यानं बोलत होते ब्राझिलियन, तर त्या बाईनं हळूच हातानं खूण केली, आवाज खाली. डोंगराजवळ आरडाओरडा केला की पाऊस येतो, असं ते मानतात. मी ते पाळलं. ज्यांच्या अंगणात आपण आलोय त्यांची रीत पाळायला काय जातं?

तिसरा दिवस चढाईचा. तळापासून कड्यापर्यंत जे जंगल लागतं, त्याला आपल्याकडचा शब्द चपखल बसतो: पदर. पदरातलं जंगल. फरक एवढाच की हे बारा महिने ओलं. प्रत्येक फांदीवर शेवाळ्याची गोधडी, मुळांच्या पायऱ्या, चिखलात हात घालून वर ओढून घ्यायचं. दीड-दोन तासांनी झाडी संपते आणि अचानक समोर भिंत. मी तिला तळहात लावला. गुलाबीसर दगड, थंडगार, घाम आल्यासारखा ओला. या वालुकाश्माचं वय सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा. दादानंही हात लावला आणि मग तोच हात छातीला लावला. देवळात उंबऱ्याला लावतात तसा. आम्ही काही बोललो नाही.

तिथून वाट भिंतीला धरून तिरपी वर जाते, आणि मध्ये पासो दे लास लाग्रिमास. अश्रूंची वाट. वरच्या कड्यावरून सतत पाणी झरत असतं आणि त्याच्या खालून, सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून चढायचं. त्या दिवशी पाणी पावसाच्या भुरभुरीइतकंच होतं. तोंड वर केलं की एकेक थेंब मोजता यावा. सीतेची आसवं बघायला आलेली मी अश्रूंच्या खालून चालले होते, आणि मला खरंच भरून आलं.

माथ्यावर पाय ठेवल्यावर पहिल्यांदा वाटलं, आपण चुकून कुठल्यातरी जळालेल्या गावात आलो. सगळा दगड काळा. कासवं, उंट, छत्र्या, पडके बुरूज, जिकडं बघावं तिकडं आकार. आत हाच दगड गुलाबी असतो, वर सूक्ष्म जीवांची आणि दगडफुलाची काळी साय चढते. माणसं जिथून चालतात तिथं ती घासून जाते. म्हणून वाट म्हणजे काळ्या कातळावरची फिकट, हातभर रुंदीची रेघ. धुकं उतरलं की एवढी एकच खूण राहते. ही रेघ सोडून बाजूला जायचं नाही, कारण पडायच्या भीतीपेक्षा, तिथं जे उगवलंय ते चिरडायची भीती जास्त.

मुक्काम कड्याच्या पोटाखाली, वाळूच्या कोरड्या पट्टीवर. अशा कपारींना तिथं सगळेजण हॉटेल म्हणतात. तंबू लावून झाल्यावर मी गुडघ्यांवर बसले आणि शोधायला लागले.

आधी दिसला बेडूक. काळा, खरखरीत पाठीचा, माझ्या करंगळीच्या पेराएवढा. ओरिओफ्रिनेला क्वेल्ची. पोटाकडे पिवळसर. मी जवळ गेले तरी उडी मारली नाही, कारण त्याला उडीच मारता येत नाही. एकेक पाय उचलून, जुनी माणसं जिना उतरतात तसा, तो कातळावरून चालत गेला. एका खळग्यातून दुसऱ्यात जायला त्याला चांगली पाच मिनिटं लागली आणि तोवर मी हलले नाही. याच्या अंड्यांतून बेडूकमासा निघत नाही, थेट चिमुकला बेडूकच निघतो. आजूबाजूच्या टेपुईंवर त्याचे चुलतभाऊ आहेत, पण मधला माळ उतरून एकमेकांकडे जाणं त्यांना शक्य नाही. ही एवढीशी पावलं आणि खाली तो कडा. मी त्याच्याकडं बघत असताना हेच मनात येत राहिलं.

मग दवबिंदू. पैशाएवढी लालभडक चकती, केसांच्या टोकांवर चिकट थेंब, अगदी कासचा. त्याच्या शेजारी हेलिअम्फोरा, पाण्यानं भरलेले हिरवे पेले, कडेला तांबूस, आत बुडालेली एक माशी. ही वनस्पती शास्त्राला पहिल्यांदा कळली ती याच डोंगरावरून, 1840 साली. आणि खडकाच्या एका भेगेत, ओल्या शेवाळ्यात, गडद गुलाबी फूल. युट्रिक्युलारिया. आपल्या सीतेच्या आसवांपेक्षा मोठं, रंगही वेगळा, पण ओठांची ठेवण तीच. दादाला हाक मारली. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, ही तर आपलीच."

यात योगायोग नाही. आपल्या सड्यावर आणि रोराइमाच्या माथ्यावर पाऊस एकच काम करतो, मातीतलं सगळं सत्त्व धुऊन नेतो. मुळांना खायला काही उरत नाही, म्हणून ही झाडं किडे पकडायला शिकली. फरक असा की कासला हे चार महिने चालतं आणि इथं वर्षभर. पाण्यानंच या डोंगराला आकार दिला, पाण्यानंच त्याला उपाशी ठेवलं.

पाण्याची सर्वांत जुनी खूण दुसऱ्या दिवशी बघितली. एका सपाट कातळावर बोटबोटभर अंतरानं लाटांच्या रेषा. समुद्रकिनारी ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशाच, फक्त दगड झालेल्या. कुठलंतरी उथळ पाणी त्या वाळूवरून गेलं तेव्हा जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं. मी त्या रेषांवरून बोटं फिरवली आणि मग बूट काढून त्यांच्यावरून चालले.

आता एक गोष्ट, जी लिहायला बरेच जण टाळतात. वर शौचाला जायचं ते एका छोट्या तंबूत, प्लास्टिकच्या पिशवीत, वर चुना टाकून पिशवी बांधायची. या सगळ्या पिशव्या खाली आणतात. कोण आणतं? सामान वाहणाऱ्यांपैकीच एकजण. हे अगदी बरोबर आहे, कारण त्या नापीक मातीत आपली घाण पडली तर तिथलं पाणी आणि झाडं दोन्ही बिघडतील. पण आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर जातंय हे माहीत असताना ते गप्प राहून चालवून घेणं मला जमलं नाही. दादा आणि मी आमच्या पिशव्या जाड गोणीत घालून स्वतःच्या सॅकला बाहेरून बांधल्या आणि उतरवल्या. वाटाड्या आधी नको म्हणाला, मग त्यानं गाठ नीट आवळून दिली. सह्याद्रीतल्या आपल्या गडांवर टाक्यांच्या काठी जे दिसतं ते आठवून मला लाज वाटते.

तिन्ही देशांच्या हद्दीच्या दगडापर्यंत जायचं होतं, वाटेत स्फटिकांची दरी बघायची होती. दिवसभराची चाल. पहाटे निघालो आणि दोन तासांत पाऊस सुरू झाला. आपला पाऊस येताना वर्दी देतो. इथं ढग आपल्यातूनच चालत जातो आणि एकदम सगळं पाणी होतं. कातळावरची फिकट रेघ ओढा झाली. वाटाड्यानं एकदाच मागं बघितलं आणि वळायला सांगितलं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. एवढ्या लांब परत कधी येणार? पण डोंगरात वाटाड्याशी वाद घालायचा नाही, हे मी शिकलेय.

त्या दिवशी आणि रात्रभर कपारीत बसून राहिलो. वाटाड्यानं गोष्ट सांगितली, ब्राझिलियन मुलांपैकी एकानं इंग्रजीत करून दिली. फार पूर्वी वाझाका नावाचं एक झाड होतं. जगातली सगळी फळं, सगळी कंदमुळं त्या एका झाडाला. माकुनाइमा आणि त्याच्या भावांनी ते तोडलं. झाड पडलं आणि बुंध्यातून पाणी उसळलं, एवढं की मुलूख बुडाला. तो बुंधा म्हणजे रोराइमा. गोष्ट संपल्यावर तो बाहेर कोसळणाऱ्या पाण्याकडं बघून म्हणाला, अजून थांबलेलं नाही. नकाशाही तेच सांगतो. या एका माथ्यावरचं पाणी तीन दिशांनी जातं, ओरिनोकोला, अ‍ॅमेझॉनला आणि एसेकिबोला.

उतरायच्या सकाळी अश्रूंची वाट ओळखू आली नाही. चढताना जे थेंब मोजले होते त्यांचा धबधबा झालेला. वाटाड्यानं एकेकाला नेलं. डोक्यावर, सॅकवर पाण्याचा मार, खाली दगड सरकतायत, आवाजात काही ऐकू येत नाही. मी भ्याले. त्याचा हात माझ्या मनगटावर होता, फक्त त्या हाताकडं बघत पावलं टाकली. खाली आल्यावर पाय इतके थरथरत होते की दादानं मला बसवून गुळाचा खडा तोंडात दिला.

पायथ्याच्या तळावर न थांबता तसेच कुकेनानच्या काठावर आलो. नदी दुथडी. चार-पाच दिवसांपूर्वी गुडघ्याला लागलेलं पाणी आता तांबडं-काळं होऊन, झाडांच्या फांद्या घेऊन पळत होतं. उतार नाही. वाटाड्यानं पाण्याच्या अगदी कडेला नारळाएवढा एक पांढरा दगड ठेवला आणि म्हणाला, आता याच्याकडं बघत बसायचं.

तासाभरानं दगड बुडाला. त्यानं दुसरा ठेवला. तोही बुडाला. तिसरा ठेवला तेव्हा अंधार पडला.

दुसरा दिवस कार्तिकी एकादशीचा होता. हे दादाला बरोबर माहीत होतं, तो कधी चुकत नाही. सकाळी सगळ्यांनी उरलेला भात वाटून घेतला, दादानं घेतला नाही. अडकून पडलेल्या माणसानं जेवण नाकारलं म्हणून ती पेमोन बाई काळजीत पडली. आजारी आहे का, असं तिनं मला खुणेनं विचारलं. मी हात जोडून, आभाळाकडं दाखवून समजावलं. तिला समजलं. तिनं वायारेमधून कसाबे काढली, पातळ, कडक, पापडासारखी मोठी भाकरी. कसाव्याचा कंद किसून, त्याचा विषारी रस विणलेल्या लांब नळीत पिळून काढायचा आणि उरलेल्या चोथ्याची ही भाकरी तव्यावर भाजायची. आपला साबुदाणा होतो तो याच कंदाच्या पिठापासून. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच. हे मी दादाला सांगितलं. त्यानं भाकरीचा तुकडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "म्हणजे उपवासाला चालतंय," म्हणाला. बरोबरचा कुमाचे, म्हणजे त्याच रसात मिरच्या आणि मुंग्या घालून आटवलेला ठेचा, तेवढा त्यानं माझ्याकडं सरकवला. झणझणीत आणि आंबूस. मला आवडला.

दुपारी तिसऱ्या दगडाचं डोकं दिसलं. संध्याकाळी दुसरा. काठावर बसून आम्ही एकमेकांना सांगत होतो, जसं काही घरातल्या तापाच्या माणसाचा ताप उतरतोय. दादा मनातल्या मनात हरिपाठ म्हणत होता, ओठ हलत होते. रात्री दोनदा उठून मी विजेरी टाकून बघितलं. पहाटे पहिला दगड पाण्यापासून दोन वीत वर होता, कोरडा.

वाटाड्यानं दोर पलीकडे नेऊन झाडाला बांधला. बूट गळ्यात, पायमोजे पायांत. पाणी कमरेला, आणि बर्फासारखं. ज्या पाण्याखाली परवा अश्रूंच्या वाटेवर भिजलो होतो, ते एव्हाना इथून कधीच पुढं गेलं असणार, हे कळत होतं. तरी मी ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं. मध्यावर पोहोचले तेव्हा मागून त्या बाईनं माझ्या सॅकला तळवा टेकवला, ढकलायला नाही, नुसता टेकवला, आणि काठ येईपर्यंत काढला नाही.

पाराइतेपुईला सामान तपासलं. माथ्यावरचा स्फटिक काय, साधा खडाही बाहेर न्यायला बंदी आहे. दादाच्या बुटाच्या तळव्यात पांढरा कण अडकलेला सापडला. तपासणाऱ्यानं तो काट्यानं उकरून काढला आणि ठेवून घेतला.

सांता एलेनाला पोहोचेपर्यंत रात्र झाली. एक दिवस उशीर, तिकडं साताऱ्यात वहिनी फोनची वाट बघत बसलेली. तिथं पहाट होती. पहिल्या रिंगला तिनं उचलला.

"अगं, नदी उतरली," दादा म्हणाला. आणि मग बराच वेळ दोघंही काही बोलेनात.